बिनचुलीची खोली

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशायर परगण्यात, स्केग्नेस नावाचे एक गाव आहे. गावापुढे सपाट, लांबच लांब वाळू आणि वाळूपुढे उत्तर समुद्र. या समुद्राचे पाणी भर उन्हाळ्यातही अंगाला झोंबते, आणि वारा तर असा की, टोपी डोक्यावर राहावी असे वाटत असेल त्याने एक हात तिच्यासाठीच राखून ठेवावा. १९०८ साली ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने या गावाच्या जाहिरातीसाठी जॉन हॅसल या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. उंच बूट घातलेला एक गलेलठ्ठ कोळी वाळूवरून आनंदाने उड्या मारीत चालला आहे, असे ते चित्र. येथील हवा अंगात तरतरी आणणारी आहे, असे त्यावर लिहिलेले होते. बोचऱ्या वाऱ्याला याहून गोड नाव देणे कठीणच. हॅसलला बारा गिनी मिळाल्या आणि तो कोळी पुढे त्या गावाचे बोधचिन्हच होऊन बसला.

असल्या वाऱ्यात आठ दिवस राहण्यासाठी नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर या गिरण्या-कारखान्यांच्या शहरांतील माणसे वर्षभर पैपैसा साठवीत. ती तेथे कोठे राहत, कशी राहत, आणि त्यांच्या डोक्यावरचे भाड्याचे छप्पर कसकसे बदलत गेले, याचा इतिहास वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु श्रमिकांच्या विश्रांतीचा इतिहास राजवाड्यांत सापडत नाही. तो सापडतो असल्याच खोल्यांत.

१८७३ साली आगगाडी येईपर्यंत स्केग्नेस म्हणजे कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची एक लहानशी वस्ती होती. गावची बहुतेक जमीन अर्ल ऑफ स्कार्बरो या सरदाराच्या मालकीची. शेतीचे उत्पन्न घटत चाललेले पाहून त्याने वस्तीचा आराखडा करविला, रुंद रस्ते आखले, बागा केल्या. १८८१ साली समुद्रात दूरवर जाणारा धक्का उभा राहिला. त्यापूर्वीच, १८७१ मध्ये, सर जॉन लबक यांच्या खटपटीने बँकांच्या सुट्ट्यांचा कायदा झाला होता, आणि ऑगस्टमधील सोमवार हा साऱ्या देशाचा सुट्टीचा दिवस होऊन गेला होता. त्या सोमवारी गाड्या भरभरून माणसे स्केग्नेसला उतरत, वाळूत बसत, समुद्रात पाय बुडवीत आणि रात्रीच्या गाडीने परत जात. येणे सोपे झाले होते. राहणे मात्र सोपे झाले नव्हते.

येथे मुंबईच्या गिरणगावाची आठवण होणे साहजिक आहे. गिरणीतला कामगार रजा मिळाली की कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जाई. शिमगा असो, गणपती असो, गावात त्याचे घर होते, भाऊबंद होते, निदान अंग टाकायला पडवी तरी होती. नॉटिंगहॅमच्या कामगाराला असे गाव उरलेले नव्हते. त्याच्या पणज्याने गाव सोडले तेव्हाच ते नाते तुटले. म्हणून त्याला सुट्टीसाठी दुसऱ्याचे गाव आणि दुसऱ्याची खोली भाड्याने घ्यावी लागे. समुद्रकाठच्या भाड्याच्या खोल्यांचा सारा व्यवसाय या तुटलेल्या नात्यातून निघाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ही खोली देणारी व्यक्ती बहुधा एक स्त्री असे. विधवा, प्रौढ कुमारिका, नाहीतर नवऱ्याच्या तुटपुंज्या मिळकतीला हातभार लावणारी गृहिणी. या घरमालकिणींवर इंग्लंडात इतके विनोद झाले की, त्या बिचाऱ्यांची बाजू कोणी फारशी ऐकूनच घेतली नाही. दहाबारा आठवड्यांच्या हंगामात साऱ्या वर्षाची तरतूद त्यांना करावयाची असे. रीत अशी होती की, पाहुण्याने खोलीचे भाडे द्यावे, बाजारातून मांस, बटाटे, चहा, साखर आपले आपण आणावे, आणि मालकिणीने ते शिजवून द्यावे. प्रत्येक कुटुंबाचे सामान कपाटात निराळे ठेवलेले; एकाची साखर दुसऱ्याच्या चहात गेली की तंटा ठरलेला. मीठमिऱ्यांच्या भांड्याचे पैसे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे. सकाळची न्याहारी झाली की पाहुण्यांनी घराबाहेर पडावे आणि जेवणवेळेपर्यंत परतू नये, हा नियम तर सर्वत्र होता. ऊन असेल तर ठीक. पण इंग्लंडमधला उन्हाळा हा पावसाचाही ऋतू आहे. भाडे भरलेल्या खोलीचे दार बंद, आणि तान्ही पोरे कडेवर घेतलेली कुटुंबे पावसात आडोसा शोधत हिंडत आहेत, हे त्या गावातले नेहमीचे दृश्य होते.

यातून सुटण्याचा दुसरा मार्ग म्हणजे स्वतंत्र खोपट. स्केग्नेसपासून उत्तरेस मेबलथॉर्पपर्यंत वाळूच्या टेकड्यांची रांग आहे. पहिल्या महायुद्धानंतर या टेकड्यांवर लाकडी खोपटी उठू लागली. कोणी मोडीत काढलेला आगगाडीचा डबा आणून त्याला पायऱ्या लावल्या, कोणी जुनी ट्राम उभी केली. उन्हाळ्यात मालकाने आठ दिवस राहावे आणि उरलेले आठवडे भाड्याने द्यावे. नळ नाही, गटार नाही. पण दाराची किल्ली आठ दिवस तरी आपल्या खिशात, हे सुख मोठे होते. निसर्गप्रेमी मंडळींना मात्र हे दृश्य सहन होईना. किनाऱ्याला जणू खरूज लागली, असे त्यांना वाटे. अखेर लिंडसे जिल्ह्याच्या कौन्सिलने १९३२ साली पार्लमेंटकडून खास वाळूटेकड्यांसाठी कायदा करवून घेतला आणि अशा बांधकामांना आळा घातला. किनारा वाचला, हे खरे. ज्यांची खोपटी वाढायची थांबली त्यांनी सुट्टीला जावे कोठे, याची तरतूद त्या कायद्यात नव्हती.

शिवाय या खोपटांत आणखी एक गोम होती, आणि तिच्याकडे त्या काळी फारच थोड्यांचे लक्ष गेले. खोपटात चूल होती. जेथे चूल तेथे गृहिणीची सुट्टी संपली. घरी ती दहा हातांचे काम दोन हातांनी करी. येथे तेच काम वाळूने भरलेल्या भांड्यांत, दुरून पाणी आणून करावयाचे, एवढाच फरक. नवरा समुद्राकडे तोंड करून बसे, ती स्टोव्हकडे तोंड करून. घरमालकिणीकडे उतरले तरी बाजारहाट तिलाच करावा लागे. कुटुंबाने सुट्टी घेतली असे जेव्हा म्हटले जाई, तेव्हा त्या कुटुंबातून एक माणूस वजा करूनच हिशेब केलेला असे.

सामुदायिक छावण्यांची कल्पना त्यापूर्वीच निघाली होती. आयल ऑफ मॅन बेटावर कनिंगहॅम नावाच्या गृहस्थांनी १८९४ पासून तरुणांसाठी तंबूंची छावणी चालविली. तेथे प्रवेश फक्त पुरुषांना, आणि दारूला मज्जाव. नॉरफोकच्या किनाऱ्यावर केस्टर येथे जॉन फ्लेचर डॉड या समाजवादी किराणा-व्यापाऱ्याने १९०६ साली दुसरी छावणी काढली. तिच्यात स्त्रियाही येत. कामे सर्वांनी वाटून घ्यावी, रात्री अकरानंतर मोठ्याने बोलू नये, असे नियम होते. दोन्ही छावण्या सद्गुणांच्या पायावर उभ्या होत्या, आणि सद्गुणांना ग्राहक बेताचेच मिळतात. ही कल्पना सामान्य कुटुंबापर्यंत नेली ती एका जत्रेतल्या माणसाने.

विल्यम ऊर्फ बिली बटलिन याचा जन्म १८९९ सालचा, दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनचा. त्याच्या आईचे घराणे जत्रांतून खेळ घेऊन फिरणाऱ्यांचे. मुलगा आईबरोबर कॅनडात गेला, टोरांटोच्या एका मोठ्या दुकानात नोकरीस लागला, पहिल्या महायुद्धात लढला आणि १९२१ साली इंग्लंडला आला तेव्हा खिशात पाच पौंड होते. वस्तूंवर कडी फेकण्याचा खेळ मांडून त्याने जत्रांत जम बसविला. १९२७ मध्ये स्केग्नेसच्या वाळूवर त्याचा करमणुकीचा बाग सुरू झाला. वेल्समधील बॅरी बेटावर पावसात भिजत हिंडणारी, घरमालकिणीने बाहेर काढलेली कुटुंबे त्याने पाहिली होती, आणि कॅनडात त्या दुकानाने आपल्या नोकरांसाठी चालविलेली उन्हाळी छावणीही पाहिली होती. या दोन आठवणींची त्याने सांगड घातली. त्यात परोपकार किती आणि व्यापार किती, याची वाटणी करीत बसण्याचे कारण नाही. पावसाळी दिवशी माणसे गल्लीत भिजत उभी राहिली तर ती जत्रेत पैसे खर्च करीत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते.

स्केग्नेसच्या उत्तरेस इंगोल्डमेल्स गावाजवळच्या शेतजमिनीवर १९३५ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ११ एप्रिल १९३६ रोजी छावणीचे उद्घाटन झाले. ते करावयास आली होती एमी जॉन्सन. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत १९३० साली एकटीने विमान नेणारी ही पहिली स्त्री.

छावणीतल्या खोल्यांना बटलिनने ‘शॅले’ असे नाव दिले. स्वित्झर्लंडच्या डोंगरातील लाकडी घराचा हा शब्द लिंकनशायरच्या सपाट शेतात कसा शोभला, हे त्याचे त्यालाच ठाऊक. वस्तुतः त्या चाळीसारख्या रांगाच होत्या; रांगेत एकाला एक लागून छोट्या खोल्या. एका खोलीत पलंग, गालिचा, खिडकीला पडदा, विजेचा दिवा आणि वाहत्या पाण्याचे वॉशबेसिन. न्हाणीघरे सामाईक. आजच्या दृष्टीने हे फारच बेताचे वाटते. परंतु ज्या कुटुंबाच्या राहत्या घरी अजून वीज आलेली नव्हती त्याने त्या दिव्याचे बटण पुन्हा पुन्हा दाबून पाहिले असल्यास नवल नाही. दार दिवसभर उघडावे, दुपारी येऊन पडावे, कोणी हटकणार नाही.

आणि खोलीत चूल नव्हती. तीन वेळचे जेवण मोठ्या भोजनगृहात, दुसऱ्यांनी रांधलेले, दुसऱ्यांनी वाढलेले, दुसऱ्यांनी उष्टे काढलेले. भोजनगृहाबाहेर पडलेल्या बाईला पुढच्या जेवणापर्यंत काहीच काम नाही, ही गोष्ट कित्येकींच्या आयुष्यात लग्नानंतर प्रथमच घडत होती. पुढे रात्रीच्या पहाऱ्याचीही सोय झाली. आईबाप नाचगाण्याला गेले की छावणीच्या नोकर स्त्रिया रांगांतून फेरी मारीत. एखाद्या खोलीतून रडणे ऐकू आले की नृत्यगृहात त्या खोलीचा आकडा जाहीर होई, आणि त्या आकड्याची आई नाच सोडून धावत सुटे. त्यावरही विनोद झाले. मात्र त्या आईला तोवर एक नाच मिळालेला असे. अर्थात एकीची सुट्टी ही दुसरीची नोकरी होती. हंगामापुरत्या ठेवलेल्या मुली सकाळपासून बिछाने घालीत, फरशा पुशीत, ताटे धूत. शनिवारी जुने पाहुणे गेले की नवे येण्यापूर्वी शेकडो खोल्या झाडून तयार ठेवीत. त्यांच्या कष्टांची छायाचित्रे जाहिरातीत येत नसत.

आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी, अशी बटलिनची घोषणा होती. ती कितपत खरी होती? जेवणखाण व करमणूक धरून माणशी दर हंगामाप्रमाणे पस्तीस शिलिंगांपासून तीन पौंडांपर्यंत होता. पौंडाचे शिलिंग वीस. त्या काळी कारखान्यातल्या पुरुषाचा आठवड्याचा पगार साधारणतः तीन पौंडांच्या आसपास. तेव्हा ऐन हंगामात नवराबायकोला जावयाचे म्हटले तरी दोन आठवड्यांचा पगार गेला. मुले असतील तर त्याहून अधिक. त्यात त्या आठवड्याचा पगारच मिळत नसे, ही खरी अडचण. गिरणी बंद म्हणजे मजुरी बंद. म्हणूनच कामगार वर्षभर सुट्टीच्या भिशीत नाणे नाणे टाकीत. पहिल्या वर्षांतले बटलिनचे पाहुणे पाहिले तर त्यांत कारकून, दुकानदार, शिक्षक यांचाच भरणा दिसतो. मजुराच्या नावाने उघडलेल्या दारातून प्रथम आत गेला तो पांढरपेशा.

हे दार मजुराला खरोखर उघडले ते कायद्याने आणि कामगार संघांच्या चिकाटीने. संघांनी भरपगारी रजेची मागणी कितीतरी वर्षे लावून धरली होती. लॉर्ड अ‍ॅमुलरी यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९३८ साली भरपगारी रजेचा कायदा झाला. तो सक्तीचा नव्हता. वेतन ठरविणाऱ्या मंडळांना एक आठवड्याची भरपगारी रजा देवविण्याचा अधिकार त्याने दिला, एवढेच. पण त्याच्या धाकाने मालक व संघ यांच्यात करार होऊ लागले, आणि १९३९ च्या उन्हाळ्यापर्यंत एक कोटीहून अधिक कामगारांना अशी रजा मिळू लागली. बटलिनने या कायद्याची जाहीर तरफदारी केली होती. त्याच वर्षी डर्बीशायरच्या खाणकामगारांची स्वतःची छावणी स्केग्नेसच्या किनाऱ्यावर उघडली. वर्षभर जमिनीखाली राबणाऱ्यांसाठी आठ दिवस डोक्यावर आकाश. हिंदुस्थानात भरपगारी रजेची तरतूद फॅक्टरी कायद्याच्या १९४५ मधील दुरुस्तीने झाली आणि १९४८ च्या कायद्याने ती पक्की झाली.

परंतु इंग्लंडातल्या त्या कोट्यवधींना रजेचा उन्हाळा एकच मिळाला. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि आरमाराने स्केग्नेसची छावणी ताब्यात घेतली. किनाऱ्यावरील तळालाही जहाजाचेच नाव द्यावयाचे ही ब्रिटिश आरमाराची परंपरा. त्याप्रमाणे छावणीचे नाव ‘रॉयल आर्थर’ झाले. शेतात उभ्या असलेल्या या ‘जहाजा’ला जलसमाधी दिल्याची बातमी जर्मन नभोवाणीने दिली, तेव्हा तेथील खलाशांची भरपूर करमणूक झाली. ऑगस्टसाठी बांधलेल्या, शेगडी नसलेल्या त्या खोल्यांत जानेवारीचे दिवस काढणे मात्र करमणुकीचे नव्हते. सरकारला छावण्या हव्या होत्या आणि बटलिनला त्या स्वस्तात बांधता येत होत्या. आणखी काही छावण्या त्याने सरकारकरिता बांधून दिल्या आणि युद्ध संपताच आपल्याकडे घेतल्या. युद्धकाळात ज्या खोलीत खलाशी म्हणून थंडीने कुडकुडत काढले, त्याच नमुन्याच्या खोलीत तो माणूस पुढे बायकोमुलांना घेऊन पैसे भरून आला. मनुष्यस्वभाव विचित्र आहे.

१९४६ मध्ये स्केग्नेस पुन्हा सुरू झाले. पुढची पंधरा वर्षे ही या खोल्यांची भरभराटीची. सकाळी ध्वनिक्षेपकावरून सर्वांना उठविले जाई, जेवणाच्या पाळ्या पुकारल्या जात, लाल कोट घातलेली तरुण मंडळी खेळांना बोलावीत. वर्षभर कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाने सुट्टीतही कर्ण्यावर उठावे, यावर पुष्कळ टीका झाली. टीका करणारे बहुधा ज्यांना एकांत विकत घेता येतो अशांपैकी असत. गल्लीतल्या माणसाला शेजाराची सवय होती, आणि कंटाळा आला तर दार लावून घेण्याची मुभाही होती. १९६२ च्या उन्हाळ्यात तेथील वाद्यवृंदात ढोल वाजविणारा एक लिव्हरपूलचा तरुण हंगाम अर्धवट सोडून निघून गेला. तो रिंगो स्टार. तो बीटल्सना जाऊन मिळाला.

याच काळात त्या किनाऱ्याने आपले दुसरे रूपही दाखविले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र तटबंदी फोडून आत शिरला. मेबलथॉर्प, सटन, इंगोल्डमेल्स हा सारा पट्टा पाण्याखाली गेला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्या रात्री ३०७ माणसे मेली. दक्षिणेकडे एसेक्समधील जेविक या उन्हाळी खोपटांच्या एकाच वसाहतीत तिसांहून अधिक जीव गेले. ही खोपटी सुट्टीसाठी बांधलेली, पातळ भिंतींची. परंतु युद्धानंतर घरांची टंचाई झाल्यामुळे म्हातारी, निवृत्त माणसे त्यांतच बारमास राहू लागली होती. ऑगस्टचे घर जानेवारीचे घर झाले होते, आणि समुद्राला ते कोणी सांगितले नव्हते.

खोल्यांना उतरती कळा लागली ती मात्र समुद्रामुळे नव्हे, उन्हामुळे. १९५० साली एका प्रवासी संस्थेने विमान भाड्याने घेऊन काही पाहुण्यांना भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटावर नेले. तेथे त्यांची सोय केली होती लष्करी तंबूंत! पण डोक्यावर ऊन होते. दहापंधरा वर्षांत स्पेनचा किनारा इंग्रज कामगाराच्या आटोक्यात आला. इकडे छावण्यांचा खर्च वाढला, भोजनगृहे परवडेनाशी झाली, आणि खोल्यांत छोटी स्वयंपाकघरे घालून, आपले आपण शिजवा, असे पाहुण्यांना सांगण्याची प्रथा सुरू झाली. हे स्वातंत्र्य म्हणून विकले गेले, आणि पुष्कळांना ते तसे वाटलेही. ज्या चुलीला बाहेर ठेवून या खोलीने नाव मिळविले होते ती चूल तीस-पस्तीस वर्षांनी आत आली. तिच्यापुढे उभे कोणाला राहावे लागले, हे सांगावयास नकोच.

बटलिनला १९६४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. १९७२ साली त्याचा व्यवसाय ४ कोटी ३० लाख पौंडांना विकला गेला आणि १९८० साली तो वारला. फायली आणि क्लॅक्टन येथील छावण्या १९८३ मध्ये बंद झाल्या. स्केग्नेसची टिकली, तेथे आता मोठाल्या इमारती व बंद छपराखालचे जलतरण-तलाव आहेत. खाणी बंद झाल्या तसे खाणकामगारांच्या छावणीचेही दिवस संपले. इंगोल्डमेल्सच्या किनाऱ्यावर आज नजर पोहोचेल तेथवर चाके असूनही न हलणारी हजारो फिरती घरे उभी आहेत, आणि प्रत्येकात गॅसची शेगडी आहे.

१९३६ च्या त्या रांगांपैकी एक शॅले मात्र पाडले नाही. सरकारने ते संरक्षित इमारतींच्या यादीत घातले आहे. चर्च, गढ्या, सरदारांचे वाडे ज्या यादीत असतात, त्याच यादीत ही माणसाच्या उंचीपेक्षा फारशी मोठी नसलेली एक खोली: एक दार, एक खिडकी, पलंगापुरती जागा आणि हात धुण्यापुरते पाणी.